जुना कार स्टीरिओ दुसऱ्या गाडीत बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गाडी घेतली की लोक नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन लावतात आणि कंपनीचा धडधाकट स्टीरिओ काढून ठेवतात. तोच मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर ओळखीतल्या काकांच्या कपाटात सापडतो आणि कुणाच्या तरी जुन्या वॅगनआरमध्ये जायला निघतो. तिथून पुढे जे प्रश्न सारखे विचारले जातात ते इथे आहेत. स्वस्तात मिळालेला स्टीरिओ महागात पडतो तो बहुतेक वेळा फ्रेम, कपलर (मागच्या वायरींचा प्लग) आणि कोड या तिघांमुळे. म्हणून आधी आपल्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून पाहा, मग बाजारात जा. पहिली उत्तरं १२ व्होल्टच्या नेहमीच्या गाड्या धरून दिली आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, जुन्या फियाट आणि इलेक्ट्रिक गाड्या शेवटी येतात.

१. एका गाडीचा टेप दुसऱ्या गाडीत बसतो का? सरळ हो की नाही सांगा.

बहुतेक वेळा हो. पायोनियर, सोनी, केनवुड, जेव्हीसी अशा बाहेरच्या कंपनीचा असेल तर जवळजवळ नेहमीच, कारण तो कुठल्या एका गाडीसाठी बनवलेलाच नसतो. गाडीबरोबर आलेला असेल तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: डॅशबोर्डमधली जागा (प्रश्न २), मागच्या वायरी (प्रश्न ७) आणि आतलं कुलूप, म्हणजे सिक्युरिटी कोड किंवा गाडीच्या कॉम्प्युटरशी बांधलेली गाठ (प्रश्न ६ आणि ९). पहिल्या दोन पैसे टाकले की सुटतात. तिसरी कधी कधी कशानेच सुटत नाही.

२. सिंगल डिन, डबल डिन म्हणजे काय? माझ्या गाडीत कोणता जाईल?

दोघांची रुंदी एकच, १८० मिलिमीटर. उंची सिंगलची ५० आणि डबलची १००. हे माप मूळ जर्मन. पुढे ते आयएसओ ७७३६ म्हणून जगभर मान्य झालं आणि त्यामुळेच हा सगळा अदलाबदलीचा उद्योग शक्य होतो.

मोजताना बाहेरच्या फ्रेमच्या कडा मोजू नका. फ्रेम काढा, आतल्या खाचेचं माप घ्या. खोलीही बघा: सीडीवाला जुना स्टीरिओ साधारण १६ सेंटिमीटर आत जातो आणि त्याच्या मागे वायरींचा गुच्छ मावावा लागतो. मागे एसीचा डक्ट आडवा येत असेल तर तो गुच्छ खाली किंवा बाजूला सरकवायचा. ढकलून बसवलं की नेमकी अँटेनाची वायर दुमडते.

डबलच्या जागेत सिंगल सहज बसतो, खाली छोटा खण लावता येतो. सिंगलच्या जागेत डबल बसवायला डॅशबोर्ड कापावा लागतो. कापू नका. कापणारे भेटतात, पण कापलेलं प्लॅस्टिक दोन पावसाळ्यांत खुळखुळायला लागतं.

टोयोटाची गंमत वेगळी. इनोव्हासारख्या गाड्यांत जागा २०० मिलिमीटर रुंद असते. तिथे १८०चा स्टीरिओ लावला की दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर फट राहते. त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात. उलट टोयोटाचा रुंद स्टीरिओ मारुतीत जाणार नाही, आणि तोच सगळ्यात जास्त ‘फक्त उघडून बघितलाय’ म्हणून विकायला येतो.

३. फुकट मिळाले तरी घेऊ नयेत असे टेप कोणते?

डॅशबोर्डच्या आकारातच वळवलेले. २०११ नंतरच्या स्विफ्टचा, पहिल्या आय-ट्वेंटीचा कंपनी स्टीरिओ दिसायला देखणा, पण तो त्याच गाडीच्या खाचेसाठी घडवलेला आहे. पहिल्या फोर्ड फिगोत डिस्प्ले वेगळा आणि बटणांचा भाग वेगळा. एक आणलात आणि दुसरा राहिला तर हाती डबा.

समोरचा पॅनेल निघणारा असेल आणि पॅनेलच नसेल, तर तो सुटा मिळेल या आशेवर घेऊ नका.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. महागड्या साउंड सिस्टिमच्या गाड्यांत अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली किंवा डिकीत वेगळा असतो आणि कित्येकदा स्टीरिओच्या पोटात पॉवरचा भागच नसतो. असा स्टीरिओ साध्या गाडीत थेट स्पीकरला जोडला की आवाज येतो, पण कानात कुजबुजल्याइतका. त्याला अ‍ॅम्प्लिफायर लावणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

४. दुकानात टेप घेताना काय काय तपासायचं?

दुकानदाराकडे बॅटरी आणि दोन स्पीकर असतातच. नसतील तर पुढच्या दुकानात जा. एकच स्पीकर घेऊन तो चारही आउटपुटवर फिरवून लावायला सांगा. तीन चालतात आणि एक मेलेला असतो, हे फार वेळा होतं. आवाज वाढवताना नॉब उड्या मारतो का पाहा, म्हणजे २० वरून एकदम ३५. ब्लूटूथला स्वतःचा फोन जोडा आणि एक फोन करून बघा, कारण माइक बाहेरून लावायचा असेल तर तो हमखास जुन्या गाडीतच राहिलेला असतो. यूएसबीत स्वतःचा पेन ड्राइव्ह घाला. दहा मिनिटं वाजू द्या. गरम झाल्यावर बंद पडणारा स्टीरिओ दोन मिनिटांत पकडला जात नाही.

सीडी चालते का याची फार चिंता करू नका.

पण मागचा कपलर वायरींसह मागून घ्या, निदान वीतभर वायर ठेवून कापलेला. त्याच्याशिवाय घरी आल्यावर कोणती पिन कशाची हे शोधत बसाल. बाजूच्या लोखंडी पट्ट्या, त्यांचे स्क्रू किंवा बाहेरचा पत्र्याचा पिंजरा, आणि जीपीएस असेल तर त्याची छोटी चौकोनी अँटेनाही. हे सगळं असेल तर नव्याच्या निम्म्यापर्यंत किंमत ठीक. नुसता डबा असेल तर एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका.

५. चोर बाजारातून घेतला तर काही अडचण येते का? चोरीचा असला तर?

मुंबईच्या चोर बाजारात असो की पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, तिथलं सगळं चोरीचं नसतं. बरंच काही भंगारात गेलेल्या गाड्यांतून येतं. पण चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे (पूर्वीचं भादंवि ४११). म्हणून बिल घ्या, साध्या कागदावर का होईना, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. मागचं स्टिकर खरवडलेलं असेल, वायरी कपलरच्या अगदी मुळापासून तुटलेल्या असतील, बाजूच्या पट्ट्या वाकलेल्या असतील, तर तो स्टीरिओ घाईत उपटलेला आहे. खाली ठेवा आणि निघा.

६. जोडला तर स्क्रीनवर ‘कोड’ येतोय. आता?

स्कोडा, फोक्सवॅगन, फोर्ड, रेनॉ आणि काही होंडा गाड्यांच्या कंपनी स्टीरिओत ही सोय असते. बॅटरीचा पुरवठा एकदा तुटला की तो चार-पाच आकड्यांचा कोड मागतो. मूळ मालकाकडे गाडीच्या पुस्तकात किंवा छोट्या कार्डावर तो लिहिलेला असतो. विकणाऱ्याला आधी तेच विचारा. कार्ड हरवलं असेल तर मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. ते बहुधा मालकीचा पुरावा मागतात, तिथे प्रश्न ५ मधलं बिल कामाला येतं.

अंदाजे आकडे मारत बसू नका. दोन-तीन चुकांनंतर स्टीरिओ स्वतःला कुलूप लावतो आणि मग बऱ्याच मॉडेलांत तो चालू ठेवून तासभर थांबावं लागतं.

नव्या गाड्यांत, विशेषतः फोक्सवॅगन आणि ऑडीच्या घराण्यात, कोडच्या पुढची पायरी आहे: स्टीरिओ गाडीच्या कॉम्प्युटरशी नोंदलेला असतो आणि दुसऱ्या गाडीत गेला की बंद पडतो किंवा आवाज दाबून टाकतो. ती नोंद कंपनीच्या यंत्रणेतूनच बदलते. असा स्टीरिओ दुसऱ्या गाडीसाठी घेऊ नये.

७. मागे इतक्या वायरी आहेत. कोणती कशाची हे कसं ओळखायचं?

बाहेरच्या कंपनीच्या स्टीरिओचे रंग ठरलेले आहेत. पिवळी बॅटरीची कायमची प्लस, लाल चावी फिरवल्यावर येणारी प्लस, काळी मायनस, म्हणजे अर्थ. निळी अँटेनाला, निळी-पांढरी अ‍ॅम्प्लिफायरला, नारिंगी गाडीचे दिवे लागले की डिस्प्ले मंद करायला. स्पीकरच्या चार जोड्या: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्या जोडीतली मायनस.

हे सगळं स्टीरिओच्या बाजूचं. गाडीच्या बाजूच्या वायरी हे रंग पाळत नाहीत, आणि फ्यूज उडतात ते इथेच. गाडीतली लाल म्हणजे चावीची असं धरून कधीही जोडू नका. कंपनी स्टीरिओचेही रंग त्या त्या गाडीचे असतात. दोन्ही बाजू मोजाव्या लागतात.

मोजायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि लाल सुई एकेका पिनेवर. चावी बंद असताना बारा-साडेबारा व्होल्ट दिसले तर ती कायमची प्लस. चावी पहिल्या खटक्यावर आणल्यावर जी जागी होते ती चावीची. पार्किंग लाइट लावल्यावर जी जागी होते ती डिस्प्लेच्या दिव्याची. मग चावी बंद करून मीटर रेझिस्टन्सवर घ्या: बॉडीशी जवळजवळ शून्य ओहम दाखवते ती अर्थ.

उरल्या त्या बहुतेक स्पीकरच्या. दोन पिनांमध्ये साडेतीन ओहमच्या आसपास आकडा आला तर ती एक जोडी. कोणता स्पीकर हे कळायला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल त्या दोन वायरींना क्षणभर टेकवा. ज्या दरवाजातून ‘टक’ येईल तो. सेलची प्लस स्पीकरच्या प्लसला लागली असेल तर पडदा बाहेरच्या बाजूला उडतो. जाळी काढून बघितलं तर दिसतं. ही चाचणी स्टीरिओ सुटा असतानाच करायची, आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या गाडीत करायचीच नाही.

पिवळं आवरण असलेल्या कपलरला हात लावू नका. ती एअरबॅगची लाइन आहे. मल्टीमीटरची सुईसुद्धा नको.

मोजणी झाली की प्रत्यक्ष जोडकामाआधी बॅटरीची मायनस काढून ठेवा. आणि ती काढण्याआधी, गाडीतला आत्ताचा स्टीरिओ कोडवाला आहे का, तेही बघा.

८. कपलर कापून वायरी थेट जोडल्या तर चालतं का? मेकॅनिक म्हणतो चालतं.

चालतं, पण गाडीच्या बाजूचा कपलर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी ‘कपलर टू कपलर’ वायरिंग तयार मिळतं: एक टोक गाडीच्या कपलरमध्ये बसतं, दुसऱ्या टोकाला सुट्या वायरी किंवा आयएसओ कपलर, म्हणजे ठरलेल्या मापाचा प्लग. काही कापायचं-जोडायचं असेल ते या मधल्या तुकड्यावर. उद्या कंपनीचा स्टीरिओ परत लावायचा झाला तर पाच मिनिटांचं काम.

आयएसओ कपलर असला तरी डोळे मिटून खोचू नका. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कित्येक गाड्यांत त्यावरची कायमची प्लस आणि चावीची प्लस उलट्या जागी असतात. तयार वायरिंगवर पिवळ्या आणि लाल वायरीच्या मध्ये काढघाल करता येणारे जोड दिलेले असतात ते याचसाठी.

पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी, हा जोड नागपूरच्या मे महिन्यात टिकत नाही. डिंक वितळतो, पट्टी सरकते. कोकणात पट्टी टिकते पण आत तांब्याला हिरवा गंज चढतो. सोल्डर आणि वर हीट श्रिंक नळी, किंवा नीट दाबलेला क्रिंप.

९. गाडीत चावीची प्लस सापडतच नाही. सगळ्या पिना मोजल्या.

मग गाडी कॅन बसवाली असणार. अशा गाडीत चावी फिरली, दिवे लागले, रिव्हर्स पडला या सगळ्या बातम्या वेगवेगळ्या वायरींवरून न जाता दोन वायरींच्या पीळ दिलेल्या जोडीवरून संदेश म्हणून जातात. कंपनी स्टीरिओ ते वाचतो, बाहेरच्याला ते कळत नाहीत.

चांगला उपाय म्हणजे त्या मॉडेलसाठीचा कॅन बस डीकोडर. तो संदेश वाचून साधी १२ व्होल्टची चावीची लाइन बाहेर देतो, आणि बऱ्याचदा स्टिअरिंगची बटणंही (प्रश्न १६). स्वस्त उपाय म्हणजे फ्यूज बॉक्समधून चावीवर चालणाऱ्या फ्यूजला जोड-फ्यूज लावून लाइन काढणं. सिगारेट लायटरची लाइन बहुधा चावीवर असते, पण काही गाड्यांत ती कायम जिवंत, आधी मोजा. कॅनच्या त्या दोन वायरींना मात्र काहीही जोडू नका. डॅशबोर्डवर दिवाळी होईल.

१०. टेप छान वाजतो, पण गाडी बंद केली की स्टेशनं आणि सेटिंग पुसली जातात.

पिवळी आणि लाल उलटी लागली आहे. मेमरी कायमच्या प्लसवर जगते. तिच्या जागी चावीची आली की दर वेळी पाटी कोरी. दोन्हींची अदलाबदल करा. तरी होत असेल तर पिवळीच्या वाटेवरचा फ्यूज पाहा. काही गाड्यांत तो स्टीरिओसाठी वेगळा असतो आणि मागच्या फिटिंगच्या वेळी उडालेला असतो.

११. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. टेपमुळेच का?

टेप लावल्यानंतरच सुरू झालं असेल तर संशय घ्यायला जागा आहे. नेहमीचं कारण: चावीची प्लस सापडली नाही म्हणून कुणीतरी लाल आणि पिवळी एकत्र जोडून दिल्या. मग स्टीरिओला गाडी कधी बंद झाली हेच कळत नाही. अँड्रॉइड स्क्रीन असेल तर ती काळी दिसते, पण आत जागी असते. समजा ती अर्धा अँपिअर खाते. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ७० तासांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात वर करतो.

खात्री करायची तर बॅटरीची मायनस काढा आणि मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून ती वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. दरवाजे बंद, चावी बाहेर, वीस-तीस मिनिटं थांबा म्हणजे गाडीचे कॉम्प्युटर झोपतील. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. जास्त असेल तर स्टीरिओचा फ्यूज काढा. आकडा खाली आला तर चोर सापडला. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करायचा प्रयत्न करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

१२. टेपवर ४ × ५० वॅट लिहिलंय. माझ्या गाडीतले कंपनीचे स्पीकर फाटतील का?

मागचा फ्यूज पाहा. बहुतेकांवर १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे १४४ वॅट आत जातात, तर बाहेर सतत २०० कुठून येतील? तो आकडा क्षणभराच्या उसळीचा आहे. प्रत्यक्षात चॅनेलला वीसच्या आसपास वॅट धरा. स्पीकर फाटतात ते आवाज फाटायला लागल्यावरही नॉब पुढे फिरवत राहिल्याने. चार ओहमचे स्पीकर सगळ्या स्टीरिओंना चालतात. दोन स्पीकर एकाच जोडीवर समांतर लावले तर दोन ओहम होतात आणि आउटपुट जळतं.

इथे एक जुनी सवय नडते. पूर्वीच्या काही गाड्यांत दोन्ही स्पीकरची मायनस एकच असे किंवा थेट बॉडीला लावलेली असे. आजच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. मायनस बॉडीला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या मायनसला लागली की स्टीरिओ ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो, किंवा कायमचाच जातो. जुन्या गाडीत प्रत्येक स्पीकरला दोन वायरींची नवी जोडी ओढा.

१३. रेस दिली की स्पीकरमधून ‘कूंऽऽई’ असा आवाज येतो.

इंजिनच्या वेगाबरोबर तो सूर चढतो-उतरतो का? मग तो अल्टरनेटरचा. दहापैकी आठ वेळा दोष अर्थिंगचा असतो: काळी वायर डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पट्टीला किंवा प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला लावलेली. रंग खरवडून बॉडीच्या लोखंडाला बोल्टने घट्ट करा. बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याची पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची आरसीए वायर दुसऱ्या बाजूने न्या. फोन चार्जिंगला लावून ऑक्स वायर जोडल्यावरच आवाज येत असेल तर स्टीरिओ निर्दोष आहे, चार्जर बदला. फिल्टर विकत घेणं हा शेवटचा उपाय. दुकानदार तो पहिला सांगतो.

१४. जुन्या गाडीत एफएम टकाटक होतं, माझ्या गाडीत खरखर येते.

छतावरच्या आखूड अँटेनात बहुधा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. स्टीरिओची निळी वायर तिथे पोचली नसेल तर अँटेना असून नसल्यासारखी. दुसरं कारण पिन: अनेक नव्या गाड्यांत चौकोनी प्लॅस्टिकची फाक्रा पिन असते, जुन्या स्टीरिओला जाड गोल पिन लागते. मधला अ‍ॅडॉप्टर मिळतो, आणि काही अ‍ॅडॉप्टरना निळ्या वायरीचं शेपूट असतं. ते लोंबकळत ठेवायचं नसतं, जोडायचं असतं. ताम्हिणीत किंवा वरंधा घाटात स्टेशन जात असेल तर तिथे सगळ्यांचंच जातं.

१५. भाच्याने अमेरिकेहून (जपानहून, दुबईहून) टेप आणलाय. इथे चालेल?

वाजेल. प्रश्न रेडिओचा. दुबईचा असेल तर काही करायचं नाही. अमेरिकेतला एफएम ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो आणि विषम दशांशांवरच थांबतो: ९१.१, ९३.५, ९८.३ ही स्टेशनं नेमकी लागतील, पण पुण्याचं आकाशवाणीचं १०१ मधेच राहील. मीडियम वेव्हवर तिकडे १० किलोहर्ट्झची पायरी, आपल्याकडे ९ ची. पुणे केंद्राचं ७९२ लावायला गेलात तर ७९० वर अडकाल. बहुतेक ब्रँडेड स्टीरिओंत मेनूत ‘एरिया’ बदलायची सोय असते. तेवढं केलं की झालं.

जपानी गाडीतून निघालेला असेल तर विचार करा. तिकडचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, नव्यांत ९५ पर्यंत. आपली अर्धीअधिक स्टेशनं त्याच्या कुंपणाबाहेर. शिवाय मेनू जपानीत. ब्लूटूथपुरता वापरायचा असेल तरच ठेवा.

१६. स्टिअरिंगवरची बटणं नव्या टेपवर चालतील का?

अनेक गाड्यांत ती बटणं म्हणजे वेगवेगळे रेझिस्टर असतात, एका वायरीवर. स्टीरिओला ‘की १’, ‘की २’ अशा वायरी असतील तर त्या जोडायच्या आणि मेनूत जाऊन एकेक बटण शिकवायचं. वायरी नसतील पण मागे स्टिअरिंगसाठी छोटं भोक असेल तर वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅनवाल्या गाडीसाठी प्रश्न ९. बटणांची वायर शोधायला स्टिअरिंग उघडू नका, तिथे एअरबॅग आहे. ती वायर स्टीरिओच्या कपलरपर्यंत आलेलीच असते.

१७. कंपनीचा टेप काढला तर रिव्हर्स सेन्सर बंद पडतील का?

गाडीवर अवलंबून. १ जुलै २०१९ पासून नव्या कार रिव्हर्स पार्किंग सेन्सर घेऊनच येतात. काहींत बीप वेगळ्या बझरमधून येतो, काहींत स्टीरिओच्या स्पीकरमधून किंवा स्क्रीनवर. स्टीरिओ सुटा करून, चावी लावून, रिव्हर्स टाकून मागे कुणाला तरी उभं करा. बीप आला तर निश्चिंत व्हा. नाही आला तर ती सोय सांभाळणारा डीकोडर मिळेपर्यंत थांबा.

कॅमेऱ्याचं सोपं: पिवळी आरसीए पिन आणि रिव्हर्स लाइटवरून घेतलेली एक ट्रिगर वायर. पण काही कंपनी कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात, त्यांना थेट १२ दिले की ते एकदाच चालतात.

हँडब्रेकची वायर बॉडीला टेकवून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून द्या, असं खूप जण विचारतात. ते इथे सांगितलं जाणार नाही.

१८. ट्रकमध्ये कारचा टेप लावायचाय.

मोठ्या ट्रक-बसला २४ व्होल्ट असतात: १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. कारचा स्टीरिओ थेट जोडला की धूर. ‘एकाच बॅटरीवरून १२ काढून देतो’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि स्टीरिओ त्यावर वाजतोही. पण एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी सतत जास्त चार्ज, त्यामुळे काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ ते १२ चा कन्व्हर्टर घ्या, निदान १० अँपिअरचा. लहान टेम्पो बहुतेक १२ व्होल्टचे असतात, तरी बॅटऱ्या मोजून घ्या.

१९. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर टिकेल असा टेप कोणता?

सीडीचं तोंड नसलेला. धूळ आणि हादरे, दोन्ही सीडीला मारक. ट्रॅक्टर १२ व्होल्टचाच असतो, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही. प्रश्न पकडीचा आहे. नुसत्या पुढच्या पिंजऱ्यावर स्टीरिओ ठेवू नका, मागच्या बोल्टला पट्टी लावून चेसिसला आधार द्या. बॅटरीपासून येणारी प्लस वायर इंजिनाजवळून जाते, म्हणून फ्यूज बॅटरीपाशीच हवा, स्टीरिओपाशी नाही. आवाजाबद्दल इतकंच: दोन ट्रॉल्या ओढत असताना मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू आला पाहिजे. गळितात रात्रीचे अपघात काय कमी होतात?

२०. वडिलांची पद्मिनी आहे. तिच्यात ब्लूटूथवाला बसेल?

वीज १२ व्होल्ट आहे, चालेल. जुने रेडिओ दोन टोकांना दोन नॉब आणि मध्ये पट्टी असे होते. त्या भोकांत आजचा चौकोनी स्टीरिओ जात नाही. डॅशबोर्ड न कापता खाली टांगायची पेटी करून घ्या. अशा गाडीची किंमत तिच्या न कापलेल्या डॅशबोर्डात आहे. स्पीकरच्या वायरींसाठी प्रश्न १२.

त्याहून जुन्या, ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीची प्लस बॉडीला लावलेली सापडते, आणि जुन्या विलीस जीप ६ व्होल्टच्या होत्या. बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते आधी पाहा. प्लस गेली असेल तर आजचा स्टीरिओ तिथे लावता येणार नाही. आधी जाणत्या वायरमनकडून गाडीची अर्थिंग बदलून घ्यावी लागेल.

२१. इलेक्ट्रिक गाडीत बदलता येतो का?

स्टीरिओ तिथेही वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो. पण गाडीच्या कित्येक सेटिंग त्याच स्क्रीनमध्ये असतात, त्यामुळे मूळ स्क्रीन काढणं शहाणपणाचं नाही. नारिंगी आवरणाच्या जाड केबलच्या वाटेला जायचं नाही. ती हाय व्होल्टेज.

२२. वॉरंटी, विमा आणि आरटीओ यांचं काय?

वॉरंटी: वायर कापलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा दावा नाकारायला कारण मिळतं. कपलर टू कपलर जोडणीत निदान वाद घालता येतो.

विमा: गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या वस्तूला पॉलिसीत वेगळं नोंदवल्याशिवाय संरक्षण नसतं. मोटर टॅरिफप्रमाणे जादा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे पाच हजारांच्या स्टीरिओला दोनशे रुपये. बिल मात्र लागतं.

आरटीओ: आरसीवर स्टीरिओची नोंद नसते, त्यामुळे तो बदलल्याची नोंद करायची गरज नाही.

२३. माझा जुना टेप मला विकायचाय. काही करावं लागतं का?

विकण्याआधी फॅक्टरी रीसेट करा. ब्लूटूथवाल्या स्टीरिओत तुमच्या फोनमधली नावं-नंबर, शेवटचे कॉल आणि नॅव्हिगेशनमधला घराचा पत्ता राहतो. अँड्रॉइड स्क्रीनवर तर ईमेल खातं उघडंच असतं. रीसेटला वीज लागते, म्हणून गाडीतून काढायच्या आधीच उरका. मेमरी कार्ड काढून घ्या. कोडवाला असेल तर कोड चिठ्ठीवर लिहून स्टीरिओच्या वरच्या पत्र्याला चिकटवा. तेवढ्यावर किंमत वाढवून मागता येते. कपलर आणि पट्ट्या त्याच पिशवीत घाला.